विहीर कोणी बाटवली?

आमच्या वस्तीच्या विहिरीत तेल आहे. बादली वर आली की पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगते. कवी मित्रांनो, माफ करा, या इंद्रधनुष्यावर मी कविता लिहिणार नाही. माझी माय ते पाणी लुगड्याच्या फडक्याने गाळते. फडकं गाळ अडवतं, डिझेल अडवत नाही, हे तिला दहादा सांगून झालं. ती म्हणते, "मंग काय पिऊ बाबू, तुही कविता?"

मी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये हमाल आहे. उसना तांदूळ काढणारी मिल. मिलच्या मागे जनरेटर, त्याची डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली. तिच्या बाजूला ट्रकचे गॅरेज. रस्त्याला लागून पेट्रोल पंप. आणि उताराला, जिथे गावाने आम्हाला पिढ्यानपिढ्या ठेवले, तिथे आमची वस्ती.

अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाला, तेल कुठून आलं ते सिद्ध करा, पुरावा आणा. मुकादम म्हणाला, तो उसन्याच्या हौदाचा वास आहे. अरे, सात वर्षं त्या हौदात उतरून मी धान उपसतो. सडलेल्या धानाचा वास कोणता आणि डिझेलचा कोणता, हे मला शिकवतो काय? तिसरा एक शहाणा म्हणाला, तुमचीच पोरं मातीतेल सांडत असतील. रेशनचं मातीतेल निळं असायचं साहेब. गरिबाचं तेल कुठे गेलं ते धरता यावं म्हणून सरकारने त्याला रंग लावला होता. मालकाच्या टाकीतल्या तेलाला रंग नाही.

पुरावा! हा शब्द ऐकला की मला महाड आठवते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, हजारो लोक प्याले. त्या दिवशी तळे बाटले हे ठरवायला कोणी पुरावा मागितला? नमुना कुठे पाठवला? काही नाही. माणूस कोणाच्या पोटी जन्मला एवढे कळले की उगम सापडला. शुद्धीसाठी १०८ घागरी पाणी उपसले, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले आणि मंत्र म्हटले. शेणाने तळे शुद्ध झाले! पुढे हेच लोक कोर्टात गेले. तळ्यावर आमचाच हक्क, ही अनादि काळची वहिवाट आहे, म्हणाले. ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. दहा वर्षं लागली. म्हणजे पुरावा मागितला की त्यांचीही तंतरते. म्हणून पुराव्याला आम्ही भीत नाही. आम्हीच तो मागतो आहोत. फक्त शोधायची साधने तुमच्या कुलपात आणि शोधायची जबाबदारी आमच्या डोक्यावर, ही वाटणी मान्य नाही.

आमच्या आज्याचा अंगठा सावकाराच्या कागदावर होता. त्या अंगठ्यावरून त्याची जमीन गेली. तर ऐका, तेलालाही अंगठा असतो. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र आहे. ते तेलातले रेणू एकेक करून वेगळे काढते आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. पेट्रोलचे रेणू हलके, डिझेलचे लांब, गॅरेजच्या जळक्या ऑइलचे त्याहून जड. पेट्रोल असेल तर बेन्झीन सापडेल, ज्याने रक्ताचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. नाकाला कळायच्या कितीतरी आधी ते पोटात गेलेले असते. वयही काढता येते. जमिनीतले जंतू सरळ साखळीचे रेणू आधी खातात, फांद्यावाले प्रिस्टेन आणि फायटेन मागे उरतात. शिसे सापडले तर पेट्रोल २००० सालाच्या आधीचे. गंधक जास्त असेल तर डिझेल एप्रिल २०२० च्या आधीचे, कारण त्यानंतर ते दहा लाखात दहा भागांवर आणले.

एवढ्याने भागत नाही, हेही सांगतो. पंपही डिझेल विकतो आणि मिलच्या टाकीतही त्याच पंपाचे डिझेल असू शकते. मग पाण्याचा उतार बघावा लागतो. आम्ही तो बघितला. आमच्यातला एक गवंडी आहे. त्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक दोरी, एक दगड आणि तीन विहिरी. प्रत्येक विहिरीचे तोंड नळीने एका पातळीत आणले, दोरीने पाणी मोजले, वहीत लिहिले. पाणी रस्त्याकडून वस्तीकडे उतरते. मिल त्याच बाजूला आहे. पंपही त्याच बाजूला आहे, हे मी लपवत नाही. गॅरेजही. आणि आमच्याकडे मुरमाखाली कठीण खडक, आमगावच्या नावाने भूशास्त्राच्या पुस्तकात असलेला. त्याच्या भेगांतून पाणी वाकडेही जाते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की विहिरीत तेलाचा थर वाढतो, पावसात कमी होतो, मग साहेब म्हणतो, बघा, आपोआप गेलं. गेलं नाही. मुरमात अडकून बसलं.

म्हणून पंपाचे रोजचे डिप रॉडचे रजिस्टर उघडा. मिलने किती डिझेल घेतले, जनरेटर किती तास चालला, तो हिशेब उघडा. जिथे तेल कमी भरते तिथे टाकी फुटली आहे. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ साली बोअरमधून तेल यायला लागले, तेव्हा माग शेवटी सरकारी तेल कंपनीच्या जमिनीखालच्या पाइपलाइनीपर्यंत पोचला. शोधले की सापडते.

कायदाही वाचला, डिक्शनरी घेऊन, रात्रपाळीत. १९७४ च्या पाणी कायद्यात जमिनीखालचे पाणीसुद्धा 'प्रवाह' धरले आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर कलम २१ प्रमाणे मालकाला नोटीस, त्याच्यासमोर दोन भाग, सील, सह्या. चुकले की पुरावा बाद. विहीर ज्यांची आहे त्यांना नोटीस द्या असे कुठे दिसले नाही. कलम २४ म्हणते, जाणूनबुजून कोणी विहिरीत घाण जाऊ देऊ नये. जाणूनबुजून! टाकी जमिनीत, भोक जमिनीत, मालक नागपुरात. त्याला काय माहीत? पण राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की धोक्याचा धंदा करणाऱ्याने काळजी घेतली की नाही हा सवालच नाही, नुकसान त्यानेच भरायचे. साहेबांच्या टेबलावर मी हे ठेवले. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

मुकादमाचा निरोप आला आहे, सोमवारपासून कामावर येऊ नको. मायने ऐकले आणि काही बोलली नाही, फडके धुवायला घेतले. रविवारी सकाळी चौथी विहीर मोजायची आहे, रस्त्याच्या पलीकडची, पंप आणि मिल यांच्या मधली. आमची नळी तिथवर पुरत नाही. ज्याच्याकडे लांब नळी असेल त्याने घेऊन यावे.