माहेरपण कुणाच्या जिवावर?

माहेरपणावर मराठीत जेवढं हळवं लिहिलं गेलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या विषयावर क्वचितच असेल. ओव्या आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, सिनेमे तर विचारूच नका. आपल्याकडे गोव्यात माहेराला कुळार म्हणतात, आणि चार दिवस कुळारी राहून आलेली बाई चेहऱ्यावरूनच ओळखू येते. मला या हळवेपणाबद्दल तक्रार नाही. वर्षभर डबे, शाळा, ट्युशन, नोकरी, सासऱ्यांच्या गोळ्या असा गाडा ओढणाऱ्या बाईला कुणीतरी "तूं बस गो, हांव करतां" असं म्हणणारं हवंच. माझा प्रश्न एवढाच, की ती बसते तेव्हा उभं कोण राहतं?

हा प्रश्न मला गोव्यात नाही पडला, सुरतेत पडला. माझ्या जावेचं माहेर सुरतच्या पर्वत पाटिया भागात आहे. मूळ गाव जळगाव जिल्ह्यातलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्याबरोबर मीही तिथे आठ दिवस राहून आले.

सुरत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवाजीमहाराजांची स्वारी आणि घारी एवढंच येतं. पण तिथल्या लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या वस्त्यांतून फिरलात तर मराठी आणि अहिराणी कानावर पडतेच पडते. सुरत आणि खान्देश जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली अमळनेरपर्यंत पूर्ण झाली, आणि पुढे दुष्काळाने, शेतीच्या तुकड्यांनी गांजलेला खान्देशी माणूस याच रुळांवरून मागांच्या कारखान्यांत आला. वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. २०११ च्या जनगणनेत सुरत शहरात हजार पुरुषांमागे आठशेहूनही कमी स्त्रिया होत्या, कारण ओडिशाच्या गंजामसारख्या जिल्ह्यांतून येणारे कितीतरी कामगार एकटेच येतात. खान्देशी माणसं मात्र बायकापोरांसकट आली, घरं केली, मुलांना महापालिकेच्या मराठी शाळांत घातलं. म्हणून तर सुरत हे कुणाचं तरी माहेर होऊ शकलं. माझी जाऊ गावाला 'आमचं गाव' म्हणते, पण 'माहेर' म्हणते ते पर्वत पाटियाच्या दोन खोल्या आणि गॅलरीला.

खान्देशात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. पर्वत पाटियाला झोका बांधायला झाड कुठून आणणार? एका बाजूला कापडाची मार्केटं, दुसऱ्या बाजूला कडोदऱ्याकडे जाणारा रस्ता, आणि साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो. पण गुजरातच्या हवेने गॅलरीत हिंचको आलाय, तेव्हा झोका वर्षभर असतो. (गोव्यातली आपली बलकांवं आठवली मला. जेवून बसायची जागा कुठल्याही प्रांतात असतेच!)

तर त्या हिंचक्यावर माझी जाऊ आठ दिवस बसली. खरंच बसली. केसांना तेल लावून घेतलं, दुपारी तीन तीन तास झोपली, मुलं कुठे आहेत याची चौकशीसुद्धा केली नाही. तिला असं बघून मला फार बरं वाटलं. आणि मग माझं लक्ष आत गेलं.

आत तिची वहिनी होती. त्या भागातल्या पुष्कळ बायका करतात तसं तीही घरी साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम करते. मजुरी नगावर. पाहुणे आले की स्वयंपाक वाढतो, आणि स्वयंपाक वाढला की साड्या कमी होतात. त्या आठवड्यात तिच्या साड्या निम्म्यावर आल्या, हे तिनेच मला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. मी सहज विचारलं म्हणून बोटं मोजत सांगितलं, आणि वर "ताई वर्षातून एकदाच तर येतात" असं म्हणाली. तिचं स्वतःचं माहेर शिंदखेड्याकडे. नणंद गेल्याशिवाय तिला निघता येत नव्हतं. नणंद जाईपर्यंत जून उजाडणार, शाळा उघडणार. म्हणजे तिच्या वाट्याला फार तर तीन दिवस.

बहिणाबाई चौधरी याच खान्देशातल्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. लेकीला माहेर मिळावं म्हणून आई सासरी नांदत असते, हे त्यांनी एका कवितेत सांगून ठेवलंय. लेकीचं माहेर म्हणजे आईचं सासर. आपण ती कविता शाळेत पाठ केली, डोळे पुसले आणि त्यातला व्यवहार विसरलो. आई थकली की तिच्या जागी वहिनी येते, एवढाच काय तो बदल. 'आई गेली की माहेर गेलं' असं बायका म्हणतात ना, त्याचा अर्थ जरा नीट बघा. घर तिथेच असतं, भाऊ असतो, दारातला माडही असतो. तरी माहेर गेलं म्हणतात, कारण माहेर म्हणजे भिंती नव्हत्याच, कुणाचे तरी दोन हात होते.

२०२४ च्या सरकारी कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा वेळ २८९ मिनिटं भरला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. लेक माहेरी आली की तिची मिनिटं भावाच्या खात्यावर जात नाहीत. ती दुसऱ्या बाईच्या मिनिटांत मिसळतात, बस्स.

आता जरा अवघड बोलते. लेकीला हा पाहुणचार कशाच्या बदल्यात मिळतो? आपण गोवेकर याबाबतीत फार शेखी मिरवतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आपल्याकडे लागू झाली, आणि तिच्यात मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसाहक्क होता. उरलेल्या देशात वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला जन्माने बरोबरीचा वाटा मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली (महाराष्ट्राने १९९४ मध्ये थोडं आधी पाऊल टाकलं होतं), आणि त्या दुरुस्तीवरचे वाद मिटायला २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं आधी! पण आपल्या किती बहिणी उपनिबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्क सोडल्याची सही करून येतात ते आपल्याला ठाऊक आहे. विचारलं तर उत्तर एकच, 'कुळार तुटूंक जायना.' जळगावलाही तेच, सुरतेतही तेच, फक्त भाषा वेगळी.

सौदा असा की बहीण वाटा सोडते आणि बदल्यात वर्षाला आठ दिवसांचं माहेरपण मिळवते. वाटा मिळतो भावाला. आणि माहेरपणाचा खर्च कोण भरतं? वहिनी! जिला त्या सौद्यात कुणी विचारलेलंही नसतं. तिने तिकडे आपल्या भावासाठी अशीच सही केलेली असते, ते वेगळंच.

माहेरात हिशेब कसले मांडता, असं कुणी म्हणेल. पण जमिनीचा हिशेब तर आपण काटेकोर मांडलेला असतो, सर्व्हे नंबर घालून. मग हाताच्या कामाचाच कशाला लाजायचा? माझं म्हणणं एवढंच आहे की नणंद यायच्या दिवशी वहिनीने आपल्या माहेरी निघावं. सुट्टी सगळ्यांची एकाच महिन्यात असते, तर एकाच महिन्यात जावं. घर भावाने, बहिणीने आणि आईवडिलांनी मिळून चालवावं. सुरतेतला तो भाऊ वाईट नव्हे हो, बारा तासांची पाळी करून घरी येतो. पण चार दिवसांची रजा त्याने भाचरांसाठी घेतली होती, त्यांना डुमसला नेण्यासाठी. पोळ्यांसाठी घेतली नव्हती. आपल्याकडे चवथीला पुरुष माटोळी बांधतात, रानातून फळं-पानं आणतात, उंचावर चढून गाठी मारतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्याच दिवशी खतखत्याच्या भाज्या चिरायला मात्र त्यांचे हात मोकळे नसतात.

परतीच्या गाडीत मी हे सगळं जावेला बोलून दाखवलं. ती रागावली नाही. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, पण वहिनी नसेल तर मी तिथे जाऊन बोलू कुणाशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण या वर्षी ती आखाजीच्या आधीच जाऊन आली, म्हणजे वहिनीला मे महिना मोकळा. साड्या तेवढ्या पुन्हा निम्म्यावर आल्या असणार.