छोट्या ट्रॅक्टरची वाढती किंमत आणि गुणवत्तेचा निकष

फरीदाबाद हे ट्रॅक्टरनिर्मितीचे जुने केंद्र. ‘फार्मट्रॅक’ व ‘पॉवरट्रॅक’ येथेच घडतात. नांगरट करणारा छोटा ट्रॅक्टर ट्रॉली जोडताच अल्पभूधारकाची मालवाहू गाडीही होतो. म्हणूनच त्याच्या वाढत्या किमतीबरोबर गुणवत्ता किती वाढली, हा प्रश्न रास्त आहे.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना कठोर उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांच्या सुधारित इंजिनांचा वाढीव खर्च समजण्याजोगा आहे. त्याखालील ट्रॅक्टरांना मात्र ती मानके तेव्हा लागू झाली नाहीत. तेथील दरवाढ पोलाद-रबराच्या महागाईने समजावता येईल. परंतु महागाई म्हणजे गुणवत्ता नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासाही करकपातीचा आहे, यंत्रसुधारणेचा नव्हे.

गुणवत्ता रंगरूपावरून ठरत नाही. बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालात पीटीओ शक्ती, इंधनाचा खप व ओढशक्ती नोंदलेली असते. शेतकरी बांधवांनी दरपत्रकासोबत हा अहवाल मागावा. विक्रेत्यांनी त्याचा सारांश मराठीत द्यावा. जुन्या व नव्या प्रतिरूपांच्या आकड्यांत सुधारणा दिसली, तरच वाढीव किंमत न्याय्य मानावी.