पाठाचे गुण आणि प्रयोगाची उमेद

छात्राध्यापक वर्गात नवे तंत्र वापरायला पुढे येतो की नाही, हे त्याला मोबाइल किती सफाईने हाताळता येतो यावर ठरत नाही. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणकवापराचा अभ्यास करून त्यामागची दोन कारणे मांडली : साधन कामी येईल असे वाटणे आणि ते वापरायला सोपे वाटणे. त्यांतले पहिले अधिक वजनदार ठरले. प्रशिक्षणात मात्र बहुधा दुसऱ्याचीच काळजी घेतली जाते.

रणजितसिंह डिसले २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांनी मुलांपर्यंत ध्वनिफिती, चित्रफिती पोहोचवल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात मुलांची गरज आधी ठरली, साधन नंतर आले. छात्राध्यापकांना हा क्रम शिकवायला हवा.

पुण्याजवळच्या चिंचवड-भोसरी-चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा क्रम अधिकच निकडीचा आहे. इथल्या वर्गांत मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कामगारांची मुले शेजारी शेजारी बसतात. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला कविता पुन्हा पुन्हा ऐकता आली, तर उच्चार आणि अर्थ दोन्ही हाती लागतात. पण वडील पाळीवर गेले की अनेकदा घरातला एकुलता स्मार्टफोनही त्यांच्याबरोबर जातो. तेव्हा ऐकणे वर्गातच घडवावे लागते. हे ज्याने पाहिले, त्याला ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपची उपयुक्तता वेगळी सांगावी लागत नाही.

अध्यापक शिक्षणाच्या २०१४ च्या निकषांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतल्या आंतरवासितेला २० आठवडे मिळाले. म्हणजे असे प्रयोग करायला वेळ पुरेसा आहे. आड येते ते मूल्यमापन. निरीक्षक मागच्या बाकावर असताना प्रोजेक्टर बंद पडला, की तासिका हातची जाते आणि पाठाचे गुणही. मग तक्ता आणि फळा हीच सुरक्षित वाट उरते. अशी माघार घेणाऱ्याला तंत्रज्ञानाचे वावडे आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी आंतरवासितेतला निदान एक तंत्राधारित पाठ गुणांविना घेऊ द्यावा. हे साधन कोणत्या मुलांसाठी, कोणत्या अडचणीवर आणि ते न चालल्यास पुढे काय, हे तिन्ही पाठ टाचणात लिहून घ्यावे आणि पाठानंतरची चर्चा त्यावरच करावी.