हिमस्खलनाला माणसाचाही भार पुरतो
बीड - जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरमधील हिमस्खलनांनी मराठवाड्यातील जवानांचाही बळी घेतला. हिमस्खलन म्हणजे अटळ निसर्गकोप, अशी समजूत त्यामुळे स्वाभाविक आहे. गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणाऱ्या हौशी पर्यटकांनी मात्र ती बाजूला ठेवली पाहिजे.

गुलमर्ग परिसरात १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडला. अशा दुर्घटनांत बर्फ बहुधा स्कीपटूच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच सुटतो, असा जगभरचा अनुभव आहे. नव्या हिमवृष्टीने किंवा वाऱ्याने साचलेला घट्ट थर खालच्या भुसभुशीत थरावर टेकलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही खालचा थर मोडतो आणि वरचा थर लादीसारखा निसटतो.

गाडलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने मावळते. बचाव पथक तेवढ्यात पोचणे कठीण. म्हणूनच 'डीआरडीओ'च्या चंडीगड येथील संस्थेचा इशारा पाहणे आणि आखलेला मार्ग न सोडणे, हाच खरा बचाव ठरतो.