शिळा चेक

वर्तमानपत्रवाल्यांना सरकारचं कौतुक म्हणून बघवत नाही. आता हेच बघा. १ ऑगस्ट २००४, वार रविवार. अमेरिकेचे अंतर्गत सुरक्षा मंत्री टॉम रिज यांनी न्यू यॉर्क, नेवार्क आणि वॉशिंग्टन इथल्या बड्या वित्तसंस्थांवर अतिरेकी हल्ल्याचा धोका असल्याचं सांगून त्यांच्यापुरता इशाऱ्याचा रंग पिवळ्याचा नारिंगी केला. रविवारी एवढं काम! आमच्या बँकेत रविवारी पाल चुकचुकली, तर तीसुद्धा ओव्हरटाइम मागेल.

पण कौतुक राहिलं बाजूलाच. दोन दिवसांत तिथल्या पेपरांनी छापलं, की यातली बरीचशी माहिती तीन-चार वर्षांपूर्वीची आहे. त्यातून विरोधी पक्षाचं अधिवेशन संपून तीनच दिवस झालेले आणि निवडणूक नोव्हेंबरात. हा मुहूर्त कोणत्या पंचांगातला, अशी कुजबुज सुरू झाली. आमचं खातं राजकारण करत नाही, असं रिजसाहेबांनी बजावलं.

मला पेपरवाल्यांचा रागच आला. धोका बँकांना आणि हे तारखा कसल्या बघतात! पण काय करणार, पडलो बी. कॉम. तारखेशिवाय आमचं पान हलत नाही. चेक तीन महिन्यांहून जुना झाला, की परत. सही खरी, खात्यात पैसे रग्गड, तरी परत. तो शिळा चेक. त्यावर परस्पर नवी तारीख घालणाऱ्याला आम्ही आत बोलावतो, पण चहाला नव्हे.

इथली सही खरी होती, हे कबूल. त्या इमारतींची टेहळणी करणाऱ्या माणसाने २००६ साली इंग्लंडच्या कोर्टात गुन्हा मान्य केला. अतिरेकी वर्षानुवर्षं तयारी करतात, हेही खरं. मग माहिती जुनी आहे, हे रविवारीच सांगायला काय हरकत होती? खऱ्या चेकची पत तारीख लपवल्याने जाते.

पुढे २००९ साली खुद्द रिजसाहेबांनीच पुस्तकात लिहिलं, की त्याच निवडणुकीच्या तोंडावर रंग चढवावा असा काही सहकाऱ्यांचा आग्रह झाला आणि हे सुरक्षेसाठी की राजकारणासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला. त्या वेळी रंग चढला नाही, हे त्यांचं पुण्य. पण हाच प्रश्न पेपरांनी २००४ साली विचारला, तर ते पाप! पाच रंगांची ती योजना २००२ साली आली. देशभरासाठी हिरवा आणि निळा कधी उगवलेच नाहीत. २०११ साली योजनाच गुंडाळली.

इशाऱ्याची पत कशी जाते, ते मी आमच्या शाखेतच पाहिलंय. धोक्याची घंटा असते रोखपालाच्या पायाशी. एकदा युनियनची सभा ऐन रंगात आली असताना ती वाजली. आम्ही धावलो, सभा मोडली. साहेब म्हणाले, "घंटा तपासत होतो." पुढल्या सभेलाही तपासली. तिसऱ्या वेळी आम्ही जागचे हललो नाही. "कोणी दाबली, कशाला दाबली?" असं विचारणाऱ्या आमच्या सेक्रेटरीला साहेबांनी सुरक्षेचा शत्रू ठरवलं.

मग एक दिवस घंटा वाजली, तेव्हा आम्ही चहा घेत होतो. साहेब केबिनमधून ओरडत आले, "अहो, आज खरी आहे!"

रेकॉर्ड रूममधून धूर येताना दिसला, तेव्हा कुठे आम्ही कप खाली ठेवले.