धावत्या दिवसातील आत्मिक रितेपण

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कामाच्या तासांविषयीच्या कायद्यांत बदल करण्यास मंजुरी दिली. दुकाने व आस्थापनांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर आणि कारखान्यांतील मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याचा हा निर्णय होता. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले होते. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांचा उल्लेख केला आणि कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंतही व्यक्त केली. त्यावर देशभर वाद झाला.

या चर्चेत उत्पादन, वेतन आणि आरोग्य यांचा विचार झाला. माणसाच्या अंतर्यामाचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ख्रिस्तसभेला तो टाळता येणार नाही, कारण हे तास ज्यांच्या वाट्याला येतात ती माणसे आपल्याच धर्मग्रामांतील आहेत.

वसईचेच उदाहरण घेऊ. केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांत राबणारा आपला समाज दोन-तीन पिढ्यांत नोकरदार झाला. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. कार्यालयातील नऊ-दहा तासांना लोकलचे जाण्यायेण्याचे तीन तास जोडले, की उरतो तो दमलेला देह. घरी पती-पत्नी दोघेही नोकरी करणारी, मुलांच्या शिकवण्या, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी. संध्याकाळची जपमाळ आधी आठवड्यातून दोन दिवसांवर येते, मग आजीच्या स्वाधीन होते, आणि आजीबरोबरच घरातून निघून जाते.

अशा घरांतील माणसे धर्म सोडत नाहीत. रविवारी ती मिस्साला येतात, सणाच्या तयारीला हातभार लावतात, ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. परंतु प्रार्थनेचे शब्द ओठांवर असताना मन सोमवारच्या कामात असते. देवावर राग नाही, त्याच्या अस्तित्वाविषयी शंकाही नाही; केवळ आत काही हलत नाही. श्रद्धा गेलेली नसते, तिची चव गेलेली असते.

हा केवळ वेळेचा प्रश्न नाही

वेळ नाही म्हणून प्रार्थना नाही आणि प्रार्थना नाही म्हणून रितेपण, असा सरळ हिशेब आपण मांडतो. तो अर्धाच खरा आहे. सुट्टीच्या दिवशी, सारे काम संपल्यावरही, आपला हात पवित्र शास्त्राऐवजी मोबाईलकडेच जातो. तेव्हा वेळ असतो. स्वस्थ बसण्याची तयारी नसते.

ख्रिस्ती परंपरेला हा आजार फार जुना माहीत आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा तपस्वी इव्हाग्रियस याने त्याला भर दुपारचा सैतान म्हटले. या सैतानाने पछाडलेला साधू पुनःपुन्हा सूर्याकडे पाहतो, दिवस संपत का नाही म्हणून कुरकुरतो आणि आपली खोली सोडून कुठेतरी निघून जावे असे त्याला वाटू लागते. ग्रीक भाषेत या अवस्थेला आसेदिया म्हणतात. मराठीत आपण त्याचे भाषांतर आळस असे करतो; परंतु आसेदियाचा माणूस अनेकदा अत्यंत कामसू असतो. स्वतःच्या अंतःकरणात थांबणे त्याला नकोसे होते, म्हणून तो कामात पळ काढतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हांजेली गॉदियुम’ या प्रबोधनपत्रात नेमके हेच दाखवून दिले होते: माणसाला थकवते ते नेहमी कामाचे प्रमाण नसते, योग्य प्रेरणेविना आणि प्रार्थनेच्या आधाराविना केलेले काम त्याला अधिक थकवते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आपल्या बुधवारच्या प्रवचनमालेत या दुर्गुणावर स्वतंत्र विवेचन केले.

तीन कारणे, तीन उपाय

सर्व रितेपण एकाच मुळातून येत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापलेल्या ग्रंथात आत्मिक शुष्कतेची तीन कारणे सांगितली आहेत. पहिले, आपलीच हेळसांड. दुसरे, आपली परीक्षा: सांत्वन मिळत नसतानाही आपण देवाच्या सेवेत टिकतो की नाही. तिसरे, शिकवण: अंतरीचा आनंद ही आपली कमाई नसून देवाचे दान आहे, हे उमगावे म्हणून.

हे वर्गीकरण आजही अत्यंत उपयुक्त आहे. हेळसांड असेल तर पश्चात्ताप, पापनिवेदन आणि मोडलेला नेम पुन्हा सुरू करणे हा मार्ग. परीक्षा असेल तर चिकाटी. अशा काळात आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये, असे संत इग्नेशियस बजावतात. मन लागत नाही म्हणून मिस्सा सोडणे ही म्हणूनच सर्वांत मोठी चूक ठरते. आणि दान समजून घेण्याची वेळ असेल तर नम्रता. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की त्यांनी अनेक दशके अंतरीचा अंधार सोसला होता. त्या अंधारातही त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि गरिबांची सेवाही सोडली नाही. काही न जाणवणे म्हणजे देव दुरावणे नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

येथे एक सावधगिरी हवी. झोप उडणे, भूक मंदावणे, जगण्यातच रस न उरणे ही लक्षणे दीर्घकाळ टिकली, तर ती अवस्था नैराश्याची असू शकते. अशा वेळी धर्मगुरूंबरोबरच डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. त्यात श्रद्धेची उणीव नाही.

संसार सोडून नव्हे, संसारात

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे पूर्वेकडील देशांत व्यापारात यशस्वी झाले होते. तो व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. सर्वांना असे पाचारण नसते. घरकर्जाचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण ज्याच्या शिरावर आहे, त्याने काय करावे? जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रापंचिकांसाठीच ग्रंथ लिहून याचे उत्तर दिले. मठवासीयाची भक्ती कारागिरावर लादू नये. प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला व सामर्थ्याला साजेशी असावी, हे त्यांचे सूत्र.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. शिष्य सेवाकार्यावरून परत येतात. गर्दी इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू त्यांना एकांतात विसावा घेण्यास बोलावतो आणि ते मचव्यातून निघतात. परंतु लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तेथे पोहोचतात. ठरवलेला एकांत मिळतच नाही. मिळतो तो केवळ पाण्यावरचा प्रवास, आणि त्या प्रवासात प्रभूचा सहवास. आपल्याला डोंगरावरची साधना लाभेल न लाभेल, मचवा मात्र रोज लाभतो. आठ-बाविसच्या लोकलमध्ये उभ्याने, मोबाईल खिशात ठेवून, वसई ते बोरिवली एवढा वेळ त्या दिवसाचे शुभवर्तमान मनात घोळवता येते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहता येते: आज काय मिळाले, कोठे चुकलो, उद्यासाठी काय मागू? एवढा नेम लहान आहे, परंतु तो रोजचा असावा.

रविवारचे रक्षण मात्र त्याहून कठीण आहे. वसई धर्मप्रांत मे १९९८ मध्ये स्थापन झाला. त्याच महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘दिएस दोमिनी’ हे पत्र प्रसिद्ध करून आठवडाअखेरची सुट्टी आणि प्रभूचा दिवस यांतील फरक स्पष्ट केला. सुट्टी शरीराला विसावा देते. प्रभूचा दिवस माणसाला तो कोणाचा आहे याची आठवण देतो. रविवारच्या शिकवण्या आणि खरेदी यांच्या फटीत मिस्सा कोंबली, तर ती आणखी एक काम होऊन बसते.

धर्मग्रामानेही विचार करावा

दोष केवळ प्रापंचिकांचा नाही. आपली धर्मग्रामेही वर्षभर कार्यक्रमांनी गजबजलेली असतात. सभा, स्पर्धा, निधिसंकलन, वर्धापनदिन. आणि प्रत्येक ठिकाणी तीच दहा-बारा उत्साही माणसे. त्यांपैकी कोणी आतून कोरडा पडला आहे काय, हे आपण कधी विचारतो का? वार्षिक अहवालात कार्यक्रमांची संख्या येते. संध्याकाळी उशिरा घरी परतणाऱ्यांसाठी चर्च किती वेळ उघडे होते, नोकरदारांना सोयीच्या वेळी पापनिवेदनासाठी धर्मगुरू उपलब्ध होते काय, लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत शांततेला किती मिनिटे मिळाली, याचीही नोंद त्यात यावी.

२०२१ साली ख्रिस्तसभेने २९ जुलैच्या स्मरणदिनात मार्थाबरोबर मरिया व लाझरस यांचाही समावेश केला. राबणारी आणि ऐकणारी बहीण आता एकाच दिवशी स्मरली जाते. प्रभूने मार्थाला चूल विझवायला सांगितले नव्हते. तिच्या मनाचा गोंधळ त्याने तिला दाखवून दिला. कामाचे तास किती असावेत हे सरकार व मालक ठरवतील, आणि ते न्याय्य असावेत यासाठी आपण आवाजही उठवला पाहिजे. त्या तासांच्या मध्ये प्रभूला कोठे बसवायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.