चाळलेली संभाषणे

ज्याच्या मनात पाप नाही त्याने भ्यावे कशाला, असे आमच्यातील कित्येक सज्जन विचारतात. आम्ही त्यांस उलट विचारतो: देवापुढे हात जोडून आपण जे मागतो, ते शेजारी उभ्या सहधर्मिणीसही ऐकू देत नाही, ते काय पाप असते? ऑक्टोबर २०२१ मध्ये याच हैदराबादेत पोलिसांनी वाटसरूंस थांबवून, गांजाच्या शोधार्थ, त्यांच्या मोबाईलमधील संभाषणे चाळली. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणास मूलभूत हक्क ठरविले, त्यास तेव्हा चारच वर्षे झाली होती! पुढे २०२३ चा कायदा आला. तो दुकानदारास बांधतो. सरकारी यंत्रणांस मात्र सुव्यवस्थेच्या नावाखाली सूट देण्याची वाट मोकळी ठेवतो. चोर अवश्य पकडावा. पण झडतीचे कारण आधी लेखी दाखवावे, आणि ते मागण्यास आपण लाजू नये.